खंडोखंडींच्या हाकीचा निवाडा

श्रीगणराय प्रसन्न असोत, शारदा जिभेवर वसो, आणि ऐकणारांचे चित्त ठिकाणी असो. कारण ज्यांजवर हा प्रसंग गुदरला त्यांचे चित्त शेवटपर्यंत ठिकाणी नव्हते. शके सोळाशे ऐंशी, बहुधान्य नाम संवत्सरे, पौषमासी थंडी ऐसी पडली की घाटमाथ्यावरील मोठे तळे या काठापासून त्या काठापर्यंत गोठून शिळेसारखे जाहले. ते समयी राज्यात गिरमाजीपंत न्यायाधीश म्हणोन एक सत्पुरुष होते. वय पन्नाशीपुढे, देह स्थूल, स्वभाव बहुत भिडस्त. आणि बांधाचा तंटा असो, वतनाचा असो, की सुनेच्या दागिन्यांचा असो, ऐसा निवाडीत की वादी-प्रतिवादी दोघेही विडा खाऊन हसत घरी जात. घाटाची राखण दोघा सरदारांकडे होती. पूर्वेच्या चौकीवर सर्जेराव पायगुडे आणि पश्चिमेच्या चौकीवर हैबतराव वाघचौरे. दोघे एकमेकांचे साडू, दोघे शूर, आणि दोघांच्या चौक्यांमध्ये ते तळे. हिवाळ्यात बर्फाने वाटा बुजत आणि शिपायांस काम नसे, सबब ते लोखंडी पात्यांचे जोडे पायी बांधोन बर्फावर घसरत आणि वाकड्या काठ्यांनी लाकडाची चकती हाकीत. दोन टोकांस दोन चौकटी, प्रत्येक चौकटीपुढे एक राखणदार, आणि समोरच्या चौकटीत जो चकती घालील त्याची सरशी, ऐसा तो खेळ.

त्या वर्षी बैराम नामे सौदागर परमुलखीची लोकर घेऊन दरबारी आला. महाराजांनी त्यास बसवोन दूरदेशीचे वर्तमान पुसिले, आणि तळ्यावरील खेळाची गोष्ट निघाली, तेव्हा सौदागर बोलिला, "खावंद, या खेळास तिकडे हाकी म्हणतात. उत्तरखंडी हालवर म्हणोन एक राखणदार आहे, त्याच्या चौकटीत माशी शिरत नाही. आणि समुद्रापलीकडे पश्चिमखंडी ऐसे धावणारे आहेत की चकती कोणाच्या काठीशी आहे ते चकतीसही कळत नाही." महाराज संतोष पावले आणि मग म्हणाले, "दोन्ही खंडांतील निवडक सहा-सहा खेळाडू समोरासमोर उभे केले, तर कोण जिंकेल?" सौदागर म्हणाला, "ऐसे कधी घडले नाही, महाराज. मध्ये समुद्र आहे." महाराज म्हणाले, "घडले नाही हे आम्हासही कळते. घडले तर?" सौदागर हसला, लोकरीचे मोल आणि निरोपाचा विडा घेऊन आपल्या वाटेने गेला, प्रश्न मात्र दरबारात राहिला.

सर्जेराव बोलिले, "महाराज, पश्चिमखंड. धावणाऱ्यापुढे उभा राहणारा किती टिकणार?" त्यावर हैबतराव बोलिले, "उत्तरखंड. माशी शिरत नाही तेथे चकती काय शिरते?" सर्जेराव म्हणाले, "माशीस कोणी काठीने मारीत नाही, साडूबोवा." हैबतराव म्हणाले, "तुम्ही हालवर पाहिला आहे काय?" सर्जेराव म्हणाले, "तुम्ही पाहिला आहे?" दोघांनीही पाहिला नव्हता, आणि म्हणोनच दोघांपैकी कोणी मागे हटेना. मग शब्दास शब्द लागला, एकाने दुसऱ्याचे वाडवडील काढिले, आणि महाराज उठोन गेले तेव्हा दोघांच्याही तरवारी अर्ध्या म्यानाबाहेर होत्या. दोघे रागे भरोन घाटावर गेले, आणि ज्या तोफा घाटाखाली रोखलेल्या होत्या त्या फिरवोन एकमेकांच्या चौकीवर रोखिल्या. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी, त्यांनी संक्रांतीचे वाणही एकमेकींस पाठविले नाही. हे वर्तमान घाटापलीकडील गनिमास कळताच तो फौजेनिशी येऊन पायथ्यास उतरला आणि वाट पाहू लागला की हे आपसात कधी कापले जातात. मग महाराजांनी गिरमाजीपंतांस बोलावोन आज्ञा केली जे, "दोघांसही मान्य होईल ऐसा निवाडा करा. घाट गेला तर राज्य गेले." पंतांनी मुजरा केला, आणि बाहेर येऊन दोघा सरदारांस बोलावणे धाडिले.

दुसरे दिवशी पंतांनी दोघांस अभय देऊन सदरेवर आणविले आणि रीतीप्रमाणे प्रथम पक्ष स्पष्ट करू लागले. "उत्तरखंडाचे सहा कोण?" हैबतरावांनी सौदागराच्या तोंडून ऐकिलेली नावे सांगितली, आणि शेवटी पेत्रुस ऐसे म्हणताच सर्जेराव ताडकन उठोन म्हणाले, "पेत्रुस आमचा!" पंतांनी विचारिले, "तो जन्मला कोठे?" हैबतराव म्हणाले, "उत्तरखंडी." सर्जेराव म्हणाले, "वाढला पश्चिमखंडी. चालू लागण्याआधीच बापाने गलबतात घातला." पंतांनी दत्तकाचा न्याय लाविला, मग तो काढोन माहेर-सासरचा लाविला, आणि ऐसे ठरवू पाहिले की पेत्रुस अर्धा खेळ इकडे आणि अर्धा तिकडे खेळेल; तो दोघेही ओरडले की मग त्याने आपल्याच चौकटीत चकती घालावी काय? पंतांनी पेत्रुस तूर्त बाजूस ठेविला. मग हैबतरावांनी आपल्या बाजूस एक खेळाडू ऐसा घातला ज्यास मरोन पुष्कळ वर्षे झाली होती. पंत म्हणाले, "सरदारसाहेब, मेलेल्यास साक्षीस आणता येत नाही, मग खेळास कैसे आणावे?" हैबतराव शांतपणे म्हणाले, "पंत, जिवंत तरी कोण येणार आहे?"  वाक्य कोठेतरी चुकीचे आहे इतके पंतांस कळत होते, परंतु कोठे ते सापडेना. आणि ज्या डोक्याने आजवर चार पिढ्यांचे तंटे उलगडिले ते डोके दोन्ही हातांत धरोन ते सदरेवरून उठले.

घरी पानावर बसले तो भात तसाच निवत राहिला. कुटुंब भिऊबाई समोर बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, "इकडून आज काही जेवणे होत नाही. मला इतकेच सांगावे, ती माणसे येणार कधी? म्हणजे तांदूळ किती काढावे ते कळेल."

"अगे, ती येणार नाहीत."

"मग भांडण कशाचे?"

"ती आली असती तर कोण जिंकले असते, याचे."

भिऊबाईंनी तूप वाढिले, क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "मला विचाराल तर उत्तरखंड. तो राखणदार भला माणूस वाटतो." पंतांचा घास हातात राहिला. त्यांस वाटले, आता या घरातही एक पक्ष आहे. आणि ते न जेवता उठले.

पंतांनी पुढेही बहुत खटपट केली. दरबारातील वैद्यांस पुसिले की धावणारा अधिक की उभा राहणारा अधिक, तो त्यांनी कफ आणि वात यांचे विवेचन केले. ज्योतिष्यांस पुसिले तो त्यांनी हालवरची जन्मवेळ मागितली. शेवटी माघ लागला, पायथ्याचा गनीम दोन मुक्काम वर चढोन आला, आणि पंत महाराजांपुढे हात जोडोन म्हणाले, "खावंद, जे घडले नाही त्यास पुरावा नाही, आणि पुराव्यावाचून मी आंधळा आहे."  महाराज एकाएकी म्हणाले, "पंत, आम्ही राहतो तेही एक खंडच आहे की नाही?" पंत म्हणाले, "आहे, महाराज." "मग त्या खंडाचे सहा कोठे आहेत? उत्तर झाले, पश्चिम झाले, आणि आमच्या खंडाचे नाव आमच्याच दरबारात कोणी घेत नाही!" सर्वांनी माना खाली घातल्या. महाराजांस तो अपमान वाटला, आणि आज्ञा झाली जे, आपल्या खंडाचे सहा खेळाडू उभे करावे, तीन सर्जेरावांच्या पथकातील आणि तीन हैबतरावांच्या, आणि येत्या पौर्णिमेस तळ्यावर त्यांनी दोन्ही खंडांशी एकदमच सामना द्यावा. पंत चाचरत म्हणाले, "महाराज, समोर कोण उभे राहणार?" "उत्तरखंड आणि पश्चिमखंड." "ते तर नाहीत." "नसोत. असते तर जेथे उभे राहिले असते तेथे उभे आहेत ऐसे समजावे. आणि निवाडा तुम्ही जागेवर सांगावा." पंतांनी समजण्याचा यत्न केला, आणि होय म्हणाले.

पौर्णिमेस सकाळी महाराजांची खासा स्वारी तळ्यावर आली. एका काठावर सर्जेरावांचे लोक, दुसऱ्या काठावर हैबतरावांचे, आणि दोन्हीकडे बंदुकांच्या वाती पेटलेल्या. निवाडा विरुद्ध गेला की बार काढावयाचा, हे न सांगता सर्वांस ठाऊक होते. पंत काठाशी गालिच्यावर उभे होते आणि थंडीने दात वाजत होते की भयाने, हे त्यांसच कळत नव्हते. मग शिंग वाजले आणि आपल्या खंडाचे सहा जण बर्फावर उतरले. पैकी राखणदार बहिर्जी आपल्या चौकटीपुढे उभा राहिला, आणि बाकीचे पाच चकती घेऊन समोरच्या रिकाम्या अर्ध्या तळ्यावर चालून गेले. प्रथम तर सर्जेरावांचे लोक हैबतरावांच्या लोकांकडे चकती देईनात. तरी एकाने दुरून टोला हाणला आणि चकती सरळ रिकाम्या चौकटीत गेली. महाराज टाळी वाजविणार तो हैबतराव ओरडले, "हालवरने अडविली!" आणि त्यांच्या काठावर हालवरच्या नावाने जयघोष उठला. पंतांनी चौकटीकडे पाहिले. चकती आत पडली होती. ते हळूच म्हणाले, "सरदारसाहेब, ती आत दिसते." हैबतराव म्हणाले, "हालवर नाही म्हणोन दिसते. असता तर दिसली असती काय?" पंतांनी ती अडविली ऐसे ठरविले.

दुसरी चकती गेली ती पेत्रुसने वाटेतच हिसकाविली ऐसे दोन्ही सरदार एकदम बोलिले, आणि तो कोणाच्या बाजूने हिसकावीत होता यावरून पुन्हा हातघाई होऊ लागली. इतक्यात सर्जेरावांनी काठावरून पगडी उडविली आणि गर्जना केली, "घातली! पश्चिमखंडाने आत्ता घातली!" चकती तर तळ्याच्या मध्यावर निपचित पडली होती. पंत काठाने धावत बहिर्जीपाशी गेले आणि त्यास म्हणाले, "अरे, तुझ्या चौकटीत काही आले काय?"

बहिर्जी म्हणाला, "धनी, मला तर काही दिसले नाही."

"दिसले नाही म्हणजे आले नाही, की आले आणि दिसले नाही?"

बहिर्जी प्रामाणिक शिपाई, त्याने विचार केला. "बहुत वेगाने आले असेल तर आलेही असेल, धनी."

हे ऐकोन पूर्वेचा काठ नाचू लागला, पश्चिमेच्या काठावरील लोकांनी बंदुका खांद्यास लाविल्या, मग पूर्वेच्यांनीही लाविल्या, आणि बर्फावरील सहा जण दोन्हीकडे पाहत जागीच खिळले. महाराज ओरडोन म्हणाले, "पंत! निवाडा!"  खंड किती, खेळाडू कोण, मेले कोण, आहेत कोण, हे सर्व पंतांच्या डोक्यात एकत्र कालविले गेले होते, आणि त्यातून एकच गोष्ट शाबूत राहिली की मधोमध पडलेली ती चकती खरी आहे. तंट्याची वस्तू सरकारजमा करावी हा न्यायाधीशाचा पहिला धर्म त्यांस आठवला. ती उचलोन महाराजांच्या पायांशी ठेवावी, मग पुढे जे होईल ते होवो, ऐसा निश्चय करोन, धोतराचा सोगा एका हाती धरोन, साध्या चामडी जोड्यांनिशी पंत जन्मात प्रथमच बर्फावर उतरले.

चार पावले बरी पडली. काठावरचे लोक हा कोण चालला म्हणोन पाहू लागले, आणि कोणी बार काढिला नाही. चकतीपाशी पोहोचोन पंत वाकले, आणि त्यांचे दोन्ही पाय एकदमच पुढे निघोन गेले. ते धपकन बसले, आणि बसले ते थांबले नाहीत. देह भारी, बर्फ गुळगुळीत, वारा पाठीशी, पंत बसल्या बैठकीने तळ्यावरून चालले, उजव्या जोड्याच्या टोकाशी चकती, पगडी मागे राहिलेली, दोन्ही हात आकाशी, आणि तोंडाने "धरा! धरा!" परंतु धरणार कोण? समोर तर कोणीच नव्हते. ऐसे ते डावीकडे जाता उजवीकडे वळले, एक गिरकी घेतली, आणि चकती पुढे व आपण मागे, पाठमोरे, समोरच्या चौकटीत जाऊन आदळले. चौकट त्यांच्यावर पडली.

 पंत बर्फावर उताणे पडले होते, आभाळ स्वच्छ होते, आणि त्यांस वाटले की आता दोन्हीकडून गोळ्या येतील. आपण मधोमध आहो हे बरेच झाले, काय ते लवकर सरेल. गोळी आली नाही. आला तो हैबतरावांचा आवाज, आणि तो फार हळू होता. "ही..." ते म्हणाले, "ही हालवरला अडविता आली नसती."

सर्जेराव पलीकडून म्हणाले, "पेत्रुसलाही हिसकावता आली नसती."

"त्याने पंतांस पाहिले असते, चकती पाहिली नसती."

"कोणीही पाहिली नसती, साडूबोवा. कोणत्याही खंडाचा असो."

मग दोघांनी एकमेकांकडे पाहिले. पौषापासून दोघांचे एखाद्या गोष्टीवर पुरते एकमत जाहले ते हेच पहिले, आणि ते दोघांच्याही एकदमच ध्यानी आले. हैबतराव हसू लागले, मग सर्जेराव हसले ते पोट धरोन काठावर बसले, आणि मग दोन्ही काठांवरील सारी फौज एका गळ्याने ऐसी गर्जली की कड्यावरचे बर्फ सुटोन खाली गेले. ती एकत्र गर्जना खाली गनिमाने ऐकिली. आणि भांडण हे केवळ सोंग होते, आपणांस वर ओढण्याचा डाव होता, ऐसे मनाशी ठरवोन त्याने डेरे पाडिले आणि दिवस मावळण्याआधी कूच केले.

पंतांस चौकटीखालून काढोन महाराजांपुढे आणिले. महाराजांनी पुसिले, "पंत कोणत्या खंडाचे?" बहिर्जी मोठ्याने म्हणाला, "आपल्या!" महाराज म्हणाले, "तर मग जिंकले कोण हे उघड आहे," आणि आपल्या खांद्यावरील शाल पंतांस दिली. पंत कंबर धरोन म्हणाले, "खावंद, मी निवाडा अजून दिलाच नाही." महाराज म्हणाले, "ऐसा निवाडा आम्ही पूर्वी पाहिला नव्हता." पालखीतून घरी नेता पंत वाटभर भोयांस पुसत होते की मी नेमके काय ठरविले, आणि भोई म्हणत होते, "धनी, फार चांगले ठरविले."

येणेप्रमाणे घाट शाबूत राहिला, तोफा पुन्हा पायथ्याकडे फिरल्या, दोघी बहिणींनी राहिलेले वाण उशिरा का होईना दिले घेतले, आणि आपल्या खंडाने दोन खंडांचा एका दिवशी पाडाव केला. पराभव पावलेल्या त्या दोन्ही खंडांस याची खबर आजवर पोहोचलेली नाही. कळावे, इति.