प्रमाणित जबडा

हिवरखेडच्या शाळेत देवीदास सर मुलींना कबड्डी शिकवतात, त्याला यंदा सोळा वर्षं झाली. या काळात त्यांच्या मैदानावर चौदा गुडघे फुटले, दोन मनगटं मोडली आणि एका मुलीची वेणी कायमची आखूड झाली. दात मात्र एकीचाही पडला नाही. तरीही गेल्या श्रावणात त्यांच्या हाती परिपत्रक आलं: खेळाडूंच्या दातांची वाढती हानी लक्षात घेता कबड्डीसह सर्व मैदानी खेळांत तोंडात दंतकवच घालणे अनिवार्य करण्यात येत आहे.

वाढती हानी म्हणजे एक दात. तो शिक्षण आणि क्रीडा खात्याच्या साहेबांचा होता. एका स्पर्धेच्या उद्घाटनाला साहेबांनी फोटोपुरती लुटुपुटीची चढाई केली, मध्यरेषेच्या दोरीत पाय अडकला आणि वरचा पुढचा दात मातीत राहिला. आधी शून्य आणि नंतर एक, ही वाढ किती टक्के होते ते कोणालाच काढता येईना, म्हणून अहवालात 'लक्षणीय' असा शब्द घातला गेला. मग अकोल्याला क्रीडादंत संरक्षण कक्ष उघडला. विषयाचा अनुभव असलेले एकमेव अधिकारी म्हणून साहेबच त्याचे प्रमुख झाले.

देवीदास सरांना परिपत्रकांची भारी चीड. ती ते स्टाफरूममध्ये मोठ्यानं बोलून दाखवत. फक्त आधी दार लावून घेत. यंदा मात्र त्यांचा जीव खरोखर टांगणीला लागला होता, कारण यंदा आचल होती. भाजीवाल्या पार्वताबाईंची ही मुलगी दहावीत होती आणि चढाईला गेली की समोरच्या सातजणींना आपले पाय कुठे ठेवावेत हेच कळत नसे. अमरावतीचा विभागीय सामना जिंकला, की ती राज्याच्या संघात आणि तिथून क्रीडा वसतिगृहात जाणार होती. पुढच्या वर्षी तिचं वय निघून जाणार होतं.

कक्षानं तज्ज्ञ म्हणून अकोल्याच्या दंतवैद्य डॉ. प्रियदर्शनी यांना बोलावलं. त्यांनी साधी गोष्ट सांगितली, की खेळताना दात जपणं चांगलंच, पण त्यासाठी प्रत्येक खेळाडूच्या जबड्याचं वेगळं माप घ्यावं लागेल.

"म्हणजे एकीला एक माप, दुसरीला दुसरं?" साहेब म्हणाले. "हा भेदभाव झाला, डॉक्टर."

"सगळ्यांचे दात सारखे नसतात, साहेब."

"शासनाच्या दृष्टीनं असतात."

तेव्हा एक प्रमाणित जबडा ठरवायचा, असं बैठकीत ठरलं. कोणाचा, यावर चर्चा झाली नाही. सेवाज्येष्ठता यादीत सर्वांत वरचा जबडा साहेबांचाच होता. त्याचा साचा काढला गेला आणि त्या मापाची चारशे बारा कवचं तयार होऊन आली. प्रत्येक कवचात, साहेबांच्या पडक्या दाताच्या जागी, करंगळीएवढा उंचवटा होता. डॉक्टरांनी सही करायला नकार दिला आणि त्या आपल्या दवाखान्यात परत गेल्या. कक्षानं दुसरं परिपत्रक काढलं: खेळाडूंनी पंधरा दिवसांच्या आत आपापला जबडा प्रमाणित मापात आणावा.

आचलनं कवच तोंडात घातलं तेव्हा तिचे ओठ मिटेनात. तिनं चढाईला धाव घेतली आणि मैदानावर "अअई, अअई" असा आवाज उमटला. तिसऱ्या 'अअई'ला कवच मातीत पडलं.

"सर, हे घालून मले कबड्डी म्हनताच येत नाई," ती तोंड पुसत म्हणाली. "नुसती लाळ गळून राहिली."

"होते सवय, बाई. सगळ्यायलेच घालाचं हाये."

"मंग कबड्डी कोन म्हनन?"

हा प्रश्न पंच शालिकरामजींनाही पडला होता. तीस वर्षं शिट्टी वाजवलेला हा माणूस नियमाला पक्का. "कबड्डी कानावर नाई आली, तं गडी बाद. पुस्तकात हाये," असं म्हणून त्यांनी कक्षाकडे लेखी मार्गदर्शन मागितलं. ते तीन आठवड्यांनी आलं. कबड्डीचा उच्चार मनातल्या मनात केल्यास ग्राह्य धरावा. मात्र तसा उच्चार केल्याचे प्रमाणपत्र संबंधित प्रशिक्षकाने प्रत्येक चढाईनंतर मध्यरेषेवर सादर करावे.

त्या दिवसापासून देवीदास सर प्रमाणपत्रांचा गठ्ठा, पेन आणि शिक्क्याचं पॅड घेऊन मैदानाच्या कडेनं धावू लागले. मुलगी परत आली की सर वाकून तिच्या पाठीवर कागद ठेवत, 'सदर खेळाडूने मनात कबड्डी म्हटल्याचे मी स्वतः ऐकले' यावर सही करत आणि शिक्का मारत. शालिकरामजी तारीख तपासून गुण देत. एका चढाईला अर्धं मिनिट लागे आणि तिच्या कागदाला चार. मुली मैदानावरच बसून वेण्या घालू लागल्या. असं करत करत हिवरखेडचा संघ अमरावतीच्या अंतिम सामन्यात पोचला, त्यात सरांच्या शिक्क्याचा वाटा मोठा होता.

सामन्याला पाचेकशे माणसं जमली होती. साहेब व्यासपीठावर होते. मधल्या काळात त्यांनी नवा दात बसवून घेतला होता, अगदी स्वतःच्या मापाचा. त्यामुळे प्रमाणित कवच आता त्यांच्याही तोंडात बसत नव्हतं. पण ते खेळाडू नसल्यामुळे अडचण आली नाही. प्रशिक्षकांनाही सन्मान म्हणून एकेक कवच देण्यात आलं. सरांनी ते डबीसकट पँटच्या खिशात टाकलं.

शेवटची चढाई उरली, तेव्हा हिवरखेड दोन गुणांनी मागे होतं. आचल मध्यरेषेपाशी गेली, थांबली. तिनं तोंडातलं कवच काढलं, रेषेवर नीट ठेवलं आणि आत शिरली.

"कबड्डी कबड्डी कबड्डी कबड्डी!"

त्या हंगामात हा शब्द पहिल्यांदाच मैदानावर ऐकू आला. तिनं कोपऱ्यातली खेळाडू टिपली, पाय मागे टाकून दुसरी, आणि परतताना पकडायला आलेल्या तिसरीला घेऊनच रेषेवर पडली. एका दमात तीन गुण. लोक उभे राहिले, शिट्ट्या झाल्या. सर टाळ्या वाजवत राहिले, आणि शिक्का हाती आल्यापासून पहिल्यांदा ते सही करायला विसरले.

साहेबांनी माईक हातात घेतला.

"सदर खेळाडूने विनाकवच उच्चार करून स्वतःचे दात धोक्यात घातले आहेत. त्यांच्याच हितासाठी संघ बाद करण्यात येत आहे. कोणाची हरकत असल्यास एका मिनिटात तोंडी नोंदवावी. उपस्थितांपैकी कोणीही चालेल, खेळाडू सोडून."

आचलनं वर केलेला हात खाली घेतला आणि सरांकडे पाहिलं. सरांचं नाव मुख्याध्यापकपदाच्या यादीत होतं आणि यादी साहेबांच्या सहीला गेली होती. सरांनी खिशातली डबी चाचपली. शालिकरामजींनी शिट्टीची दोरी उलगडली, पुन्हा गुंडाळली. पाचशे माणसांना एकाच वेळी मोबाईलवर काहीतरी महत्त्वाचं आलं. मिनिट फार मोठं होतं, पण संपलं.

"हरकत नाही. धन्यवाद," साहेब म्हणाले.

परतीच्या बसमध्ये, अकोट मागे पडल्यावर, आचल सरांच्या शेजारी येऊन बसली. मग तिनं हळूच विचारलं, "सर, माह्या तोंडात तं कवच होतं, मी काढलं. तुमचं तं डबीतच होतं ना जी?"

सरांनी खिशातली डबी काढून शिक्क्याच्या पॅडखाली सारली.

त्या आठवड्यापासून सरांचा जबडा सकाळी ठणकू लागला. "तुमी झोपीत दात खाऊन राहिले," बायको म्हणाली. "खलबत्त्यात सुपारी कुटल्यावानी आवाज येते." सर अकोल्याला डॉ. प्रियदर्शनींकडे गेले. त्यांनी गुलाबी लगदा भरून त्यांच्याच तोंडाचं माप घेतलं आणि रात्री झोपताना घालायचं कवच करून दिलं. ते इतकं बेमालूम बसलं, की सर आता कधीकधी बैठकीलाही घालून जातात. ते मुख्याध्यापक झाले आहेत.

आचल वसतिगृहात गेली नाही. ती रविवारच्या बाजारात आईजवळ बसून संभार, म्हणजे कोथिंबीर, विकते. तिची हाक बाजाराच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाते, आणि झोप तिला शांत लागते.

तुमचाही जबडा सकाळी दुखत असेल, तर डॉक्टर चांगल्या आहेत, अवश्य जा. नंबर मात्र लवकर लावा, गर्दी फार असते. बाकावर शालिकरामजी भेटतील. बाकीचे चेहरेही ओळखीचे वाटतील. त्या दिवशी मैदानावर ती माणसं तुमच्या शेजारीच बसली होती.