शंका आली की भेग

आमचे चित्रकलेचे निवृत्त शिक्षक भानुदास गुरुजी विजेच्या खांबाची सावली ओलांडायची झाली तरी आधी ती काठीने टोचून बघतात. सगळं वडीगोद्री गाव हसतं. हायवेवरचा चहावाला तर रोज विचारतो, गुरुजी, आज किती खोल आहे? गुरुजी शांतपणे सांगतात, बघून राह्यलो.

या वेडाला खतपाणी मीच घातलं. माझं कॉम्प्युटर सेंटर आहे. तिथे एका कंपनीकडून कामासाठी ध्रुवाकडच्या बर्फाचे फोटो येतात. त्या बर्फावर एक यंत्र माणसाशिवाय फिरतं. समोरची काळी रेघ सावली आहे की भेग, हे त्याला कॅमेऱ्यातून ओळखता यावं म्हणून आपण फोटोंवर खुणा करून द्यायच्या, आणि त्यावरून ते शिकतं. जन्मभर पोरांना छायाप्रकाश शिकवलेला माणूस सोडून या कामाला दुसरा कोण मिळणार?

गुरुजी रोज दहाला इस्त्रीचा शर्ट घालून हजर. मे महिन्यात, लाइट गेलेली, कॉम्प्युटर तेवढे इन्व्हर्टरवर चालू असताना, बर्फ बघून मफलर गुंडाळणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. पण शंका आली की त्यांची खूण ठरलेली. दगडाची सावली, भेग. यंत्राची स्वतःची सावली, तीही भेग.

कंपनीचा निरोप आला, यंत्र पावलोपावली थांबतंय, हा माणूस बदला. मी गुरुजींना समजावून पाहिलं.

"थांबलं तर काय बिघडलं?" ते म्हणाले. "एकटं जाऊन राह्यलंय ते. पडलं तर कोण काढणार त्याला?"

त्यांना कमी करणं माझ्या जिवावर आलं. मग ते घरी गेले की त्यांच्या खुणा मीच बदलू लागलो. शंकेच्या सगळ्या भेगांच्या सावल्या केल्या. कंपनी खूश, गुरुजी खूश, आणि मला माझ्या हुशारीचं कौतुक.

परवा एका रेघेपाशी ते बराच वेळ अडले. मी सहज म्हणालो, सावलीच आहे हो, गुरुजी.

"मी बी असंच म्हणल्तो," ते म्हणाले. "तुझ्या काकूला. शेताच्या वाटेवर. सावली हाय, टाक पाय."

गुरुजींच्या पत्नी, आमच्या काकू, कालव्याच्या चारीत पडल्या आणि पुन्हा अंथरुणातून उठल्या नाहीत, एवढंच गावाला ठाऊक होतं.

गुरुजींनी भेगेची खूण केली. मग माझ्याकडे वळून विचारलं, "जल्दी न्हाई ना काही? बराबर बघून देतो."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आठवड्याभराचे फोटो, मी बदललेल्या खुणांसकट, सकाळीच पाठवून दिले होते. ते परत मागवता येत नाहीत.