पडद्यावरील गाय हटविली त्याची बखर

विघ्नहर्त्यास वंदन, आणि जिच्या कृपेवाचून यंत्र चालत नाही त्या वीजबाईस दुसरे वंदन करून लिहिले ऐसे जे: शके १९४५, शोभकृतनाम संवत्सरे, वैशाख वद्य पंचमीस एका राज्याचे कचेरीत संगणकाचे पडद्यावरील चित्र पालटले आणि मोठा हाहाकार जाहला. राज्याचे नाव लिहीत नाही. बखरकारास अद्याप तेथेच नोकरी करणे आहे.

त्या पडद्यावर तळ्याकाठी गाय व वासरू ऐसे चित्र पूर्वापार होते, आणि हेडक्लार्क त्रिंबकपंत उकिडवे यांणी दौलतीचे सारे दप्तर त्यावर मांडिले होते. रजेचे अर्ज गाईचे शिंगावर, तपासणीचे अहवाल पोटावर, तक्रारी तळ्यात. शेकडो फोल्डर, आणि सर्वांचे नाव 'नवीन फोल्डर', तरी पंत हवा तो क्षणात काढीत. मग नवे साहेब मंदारराव टिपणीस गादीवर आले, बहुत उत्साही पुरुष, आणि त्यांणी सकाळीच गाय पुसून तेथे आपली छबी स्थापिली, बर्फात, काळा चश्मा लावून, आणि स्वतःवरच संतोष पावले. आणि नेमका त्याच दिवशी कचेरीतील सुमतीबाई हिंगमिरे यांचा बदलीचा अर्ज बाराचे आत वरिष्ठ दरबारी पाठविणे होते. बाईंचे यजमान व चिमुकली लेक दूर मुलखी, बाई येथे एकट्या. आज चुकले तर आणखी वर्षभर ताटातूट. मग पंत यंत्रापुढे विराजमान जाहले आणि त्यांचा चेहरा उतरला.

"साहेब, गाय कुठे गेली?"

"कुठली गाय?"

"अहो, पडद्यावरची! बाईंचा अर्ज वासराच्या शेपटाखाली ठेवलाय मी."

"उकिडवे, फोल्डरला नावं द्यायची असतात हो!"

"जागा ठाऊक असताना नावं कशाला, साहेब?"

फोल्डर सारे जागचे जागी होते, पण गाईची खूण गेली होती. यंत्र म्हातारे, एकेक फोल्डर उघडावा तर दिवस मावळता. बाईंचे डोळे भरून आले, आणि तशाच त्या उठल्या, मार्कर घेतला आणि साहेबांचे छबीवर, थेट काचेवरच, गाय काढू लागल्या. शेजारचे खुर्चीतून वर्षानुवर्षे तीच तर पाहिली होती. आणि पंत हुकूम सोडते जाहले, "शिंग जरा वर घ्या. वासरू डावीकडे, साहेबांच्या बुटापाशी. हां, आता शेपूट!" मग शेपूट निघाले, त्याखालचा फोल्डर उघडला, अर्ज सापडला आणि बाराचे आत रवाना जाहला. पडद्यावरील साहेबांस शिंगे फुटली होती, आणि खुर्चीतील साहेब पोट धरून हसले.

पुढे बदली मंजूर होऊन आली. निरोपाचे दिवशी पेढे वाटिले, सर्वांची तसबीर काढिली, आणि साहेबांनी आदबीने पुसले, "उकिडवे, आता पडद्यावर कोणतं चित्र लावू?" पंतांनी तीच तसबीर मागितली.

तात्पर्य, बाई लेकीपाशी सुखरूप पोहोचल्या, साहेब शहाणे जाहले, पंत जाहले नाहीत. हल्ली रजेचे अर्ज साहेबांचे टकलावर असतात, अहवाल शिपायाचे खांद्यावर, तक्रारी पंतांचे स्वतःचे पोटावर. पडदा गच्च भरला, जागा उरली नाही, तरी बाईंचे मुखावर पंतांनी आजवर एकही फोल्डर ठेविलेला नाही.