ताईच्या दवाखान्यातला धबधबा

"माझ्यावर सोड ताई! तुझ्या दवाखान्यात पेशंट इतका निवांत बसेल, की दाढ काढून झाली तरी घरी जायचं नाव घेणार नाही!"

असं छातीठोकपणे सांगणारा बाळ्या बेचाळीस वर्षांचा होता, डोक्यावर चंद्र उगवलेला होता आणि चांगला शिकलासवरलेला आर्किटेक्ट होता. पण ताईच्या लेखी तो बाळ्याच. पंधरा वर्षं तो एका मोठ्या कंपनीत उंच इमारतींच्या खालचं पार्किंग आखत होता. खांब, उतार, बाण. खांब, उतार, बाण. कुणी कौतुकाने विचारलं, "ही इमारत तुम्ही केलीत?" तर त्याला सांगावं लागे, "हो, जमिनीच्या खालची."

अशा माणसाला कंपनीने दोन दिवसांच्या शिबिराला पाठवलं. ज्याला पाठवायचं होतं तो आजारी पडला, म्हणून. शिबिराचा विषय होता, इमारतींमध्ये निसर्ग. तिथे बाळ्याने ऐकलं, की माणूस मुळात झाडाझुडपांतला, पाण्याकाठचा प्राणी. त्याला चार भिंतींत ट्यूबलाइटखाली कोंबलं, की तो चिडतो, घाबरतो, उगाच भांडतो. हिरवं दिसलं, पाणी वाहताना ऐकू आलं, की जीव शांत होतो. बाळ्या घरी परतला तो वेगळाच माणूस होऊन. दारातूनच बायकोला म्हणाला, "आपण पिंजऱ्यात राहतोय!"

"मग पिंजऱ्याचं दार लावा आधी. डास येतायत," बायको म्हणाली.

घरात डाळ शिजेना म्हणून त्याने मोर्चा ताईकडे वळवला.

ताई दातांची डॉक्टर. हात असा हलका, की दाढ निघाल्याचं दाढेलाही कळू नये! पण त्यासाठी पेशंट खुर्चीपर्यंत पोचायला हवा ना? बाहेरच्या खोलीत सहा प्लॅस्टिकच्या खुर्च्या, लुकलुकणारी ट्यूब, खिडकी झाकून टाकलेलं किडक्या दातांचं भलंमोठं चित्र, आणि आतल्या दारातून येणारा ड्रिलचा तो 'घुंईंईं'! दहातले तीन पेशंट तिथूनच पोबारा करायचे. त्यांचे मेरुमणी म्हणजे जवळच्या शाळेचे मुख्याध्यापक. सहा फूट उंच, आवाज असा, की व्हरांड्यातून नुसते खाकरले तरी आठ वर्ग चिडीचूप! पण ड्रिल ऐकलं, की त्यांचं कोकरू व्हायचं. चार वेळा येऊन चार वेळा पळाले होते. चौथ्या वेळी तर थेट खुर्चीतून, गळ्यात अडकवलेल्या निळ्या कागदासकट पळाले आणि तसेच शाळेत जाऊन उभे राहिले.

"त्यांच्या दाढेत पू झालाय रे," ताई काळजीने म्हणाली. "आता काढली नाही, तर सूज गळ्यापर्यंत जाईल. रोज फोन करते, रोज म्हणतात, उद्या येतो."

"तेच माझं पहिलं गिऱ्हाईक!" बाळ्या म्हणाला.

दवाखाना पंधरा दिवस बंद राहिला; तेवढे दिवस ताईने मुख्याध्यापकांना गोळ्यांवर ठेवलं. बाळ्याने किडक्या दातांचं चित्र उतरवून टाकलं आणि खिडकी मोकळी केली. मागे एक मोठं झाड होतं, ते ताईने दवाखाना थाटल्यापासून पहिल्यांदाच पाहिलं. प्लॅस्टिकच्या खुर्च्यांच्या जागी लाकडी बाकं आली. समोरची भिंत जमिनीपासून छतापर्यंत झाडांच्या कुंड्यांनी भरून गेली, नुसती हिरवीगार! आणि कोपऱ्यात काळ्या दगडांवरून खळखळत उतरणारा, पंपावर चालणारा, हातभर रुंदीचा धबधबा!

पहिल्या दिवशी सकाळी ताई दारातच थबकली. "बाळ्या, हा माझाच दवाखाना ना रे?" म्हणाली. तिचे डोळे भरून आले. बाळ्याला वाटलं, जन्माचं सार्थक झालं. ते सार्थक साधारण पंचवीस मिनिटं टिकलं.

पेशंट आले. झाडं बघून हरखले, बाकांवर ऐसपैस बसले. सगळे धबधब्याचा खळखळाट ऐकू लागले. पाच मिनिटांनी एक आजोबा उठले आणि काउंटरवरच्या बाईंना हळूच विचारून आत गेले. त्यांच्या मागोमाग एक काकू. मग कॉलेजातल्या दोन मुली. मग एक पोलीस.

आतून ताईने हाक मारली, "पुढचे कोण?"

कुणीच नाही. ती बाहेर आली. बाकं रिकामी!

"बाई, पेशंट पळाले?"

"नाही मॅडम, आत आहेत."

"आत मी आहे. तिथे बधिर व्हायला बसवलेल्या एका पेशंटशिवाय कुणी नाही."

"तिथे नाही हो. त्या आत!" बाईंनी पॅसेजकडे बोट दाखवलं. "म्हणजे आत एकच आहेत. बाकीचे रांगेत आहेत."

दवाखान्यात शौचालय एकच. रांग पॅसेजमधून एक्स-रेच्या खोलीपर्यंत पोचली होती. पोलीसदादा शिस्त राखत होते, पण एका पायावरून दुसऱ्या पायावर. तेवढ्यात ताईच्या खुर्चीतल्या, अर्धं तोंड बधिर केलेल्या पेशंटनेही करंगळी वर केली. "ऑक्तर… आऊ आ?"

"बाळ्या!" ताई कडाडली. "मी दातांची डॉक्टर आहे! तू दुसऱ्याच डॉक्टरचा धंदा वाढवतोयस!"

"थोडा मंद करतो," म्हणत बाळ्याने पंपाची कळ फिरवली. धबधबा बारीक झाला. टिप… टिप… टिप… त्याने तर कहरच केला. नुकतेच बाहेर आलेले आजोबा पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले!

शेवटी बाळ्याने पंप बंद केला. एकदम शांतता पसरली. त्या शांततेत आतून स्वच्छ, सुरेल, काळजाचं पाणी करणारा आवाज आला, 'घुंईंईं!' दोन पेशंट चपला हातात घेऊन उठले.

"बसा, बसा! एक मिनिट!" बाळ्याने दोन्ही हात पसरून दार अडवलं. डोकं मात्र भराभर चालू होतं. शिबिरात सगळ्यांना फोनवर पक्ष्यांची गाणी दिली होती. गाडीत दोन छोटे स्पीकर होते. एक त्याने हिरव्या भिंतीत खोचला, दुसरा आत ताईच्या खुर्चीमागच्या कपाटावर ठेवला. गाणं लावलं दयाळ पक्ष्याचं. काय ती शीळ! काय त्या लकेरी! ड्रिलचा आवाज त्यात विरून गेला. चपला पुन्हा खाली ठेवल्या गेल्या. रांगही ओसरली. दुपारपर्यंत ताईने आठ पेशंट हातावेगळे केले आणि बाळ्याला चहा पाजला.

सव्वाचारला मुख्याध्यापक आले. गालाचा टोमॅटो झालेला. जिन्यातूनच दोनदा परत फिरले होते, हे बाईंनी वरून वाकून पाहिलं होतं. ते हिरव्या भिंतीसमोरच्या बाकावर बसले. बाळ्या श्वास रोखून काउंटरमागून बघत राहिला. दोन मिनिटं झाली, पाच झाली, दहा झाली. मुख्याध्यापक पळाले नाहीत! उलट ताठ बसून, डोळे मिटून, ध्यान लागल्यासारखे शांत! बाळ्याने हळूच फोटो काढला आणि शिबिराच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "निसर्गाचा विजय!"

त्याच वेळी मागच्या झाडावर एक खराखुरा दयाळ बसला होता. काळा-पांढरा, मूठभर जीव, शेपटी उभी. ते झाड त्याचं. तो परिसर त्याचा. आणि सकाळपासून कुणीतरी उपटसुंभ दयाळ त्याच्या हद्दीत घुसून छाती फुगवून गात होता! दुपारभर त्याने सहन केलं. सव्वाचारनंतर त्याचा संयम संपला.

उघड्या खिडकीतून तो गोळीसारखा आत आला आणि हिरव्या भिंतीतल्या स्पीकरवर तुटून पडला! पानं उडाली, माती उडाली, पेशंट ओरडले. बाईंनी प्रसंगावधान दाखवून त्या स्पीकरची वायर खेचली. गाणं थांबलं. दयाळाने मान तिरकी केली. गाणं तर अजून येत होतं, आतून!

नेमकं त्याच क्षणी ताईने आतलं दार उघडलं. "या सर, तुमचाच नंबर," ती म्हणाली. सर उठले, मान खाली घालून आत गेले. आणि त्यांच्या कानावरून वारा कापत दयाळही आत गेला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. ताई कशालाही भीत नसे. रक्त नाही, पू नाही, किंचाळणारी मुलं नाहीत. पण फडफडणारे पंख दिसले, की तिचं भान जायचं. लहानपणी तिच्या अभ्यासाच्या टेबलावर कबुतर येऊन पडलं होतं, तेव्हापासून. हे गुपित जगात दोघांनाच ठाऊक होतं, तिला आणि बाळ्याला. आणि बाळ्या ते साफ विसरला होता!

आतून जी किंकाळी आली, तसली त्या दवाखान्यात आजवर एकाही पेशंटने मारली नव्हती. बाळ्या धावत आत गेला. ताई पेशंटच्या खुर्चीवर पाय पोटाशी घेऊन, डोक्यावर ॲप्रन ओढून बसली होती. दयाळ कपाटावरच्या स्पीकरला टोचे मारत होता.

"ताई, मी…"

"तू बोलू नकोस! त्याला घालव! त्याला घालव रे बाळ्या!"

बाळ्याने झाडू उचलला. पक्षी आणखी बिथरला आणि छताखाली गरगरू लागला.

"ठेवा तो झाडू खाली!"

हा आवाज मुख्याध्यापकांचा होता. आठ वर्ग चिडीचूप करणारा! बाळ्याच्या हातून झाडू आपोआप गळाला. सरांनी शांतपणे कपाटावरचा स्पीकर बंद केला, दिवा बंद केला, आतली खिडकी सताड उघडली आणि भिंतीला लागून उभे राहिले. "कुणी हलायचं नाही," ते म्हणाले. कोणी हललं नाही. दयाळाने दोन घिरट्या घातल्या, उजेड पाहिला आणि भुर्रकन बाहेर निघून गेला.

"गेला, डॉक्टर. उघडा डोळे," सर मऊ आवाजात म्हणाले. "दीर्घ श्वास घ्या. सोडा. काही होत नाही. सगळ्यांनाच कशाची ना कशाची भीती वाटते."

ताईने ॲप्रनमधून एक डोळा बाहेर काढला. चारदा पळालेला पेशंट तिला पाण्याचा पेला देत होता!

मग खोली पुसून काढली, हत्यारं नव्याने निर्जंतुक झाली. त्यात पाऊण तास गेला. तेवढा वेळ सर पुन्हा बाकावर डोळे मिटून बसून होते, पळाले नाहीत. खुर्चीत बसताना एवढंच म्हणाले, "तुमचा हात थरथरत नाही ना?" ताई म्हणाली, "आता नाही." दहा मिनिटांत दाढ बशीत पडली.

बाळ्याला राहवेना. तो सरांना गाठून म्हणाला, "सर, पक्ष्याचा गोंधळ सोडा. पण त्याआधी इतका वेळ तुम्ही बसलात! काय वाटलं भिंतीकडे बघून?"

सरांनी कापसाचा बोळा सावरत विचारलं, "भिंत? कुथली भिंत?"

"ही! हिरवी! तुमच्या समोरची!"

सरांनी मान वळवून भिंतीकडे पहिल्यांदाच पाहिलं. "अले वा! झादं आहेत होय? मी आल्यापासून दोले घत्त मितून बसलो होतो हो! भीतीने!"

आणि ते निघून गेले.

बाळ्या खचून उभा राहिला. फोनवर शिबिराच्या ग्रुपमधून अभिनंदनाचा पाऊस पडत होता, त्याने फोनच उपडा ठेवला. आता ताईची माफी मागावी म्हणून आत गेला, तर ती खोलीत नव्हती. पॅसेजमध्येही नव्हती. ती बाहेर सापडली. लाकडी बाकावर, चपला काढून, मांडी घालून, हिरव्या भिंतीकडे एकटक बघत बसली होती.

"ताई, चुकलंच माझं. उद्या सगळं काढून टाकतो."

"हात लावलास तर बघ!" ताई नजर न हलवता म्हणाली. "गप्प बस जरा. बरं वाटतंय."

दहा मिनिटं गेली. काउंटरवरच्या बाई चुळबुळत आल्या. "मॅडम, एक रूट कॅनलचे पेशंट आलेत. आत पाठवू?"

"पाठवा," ताई म्हणाली, "आणि सांगा त्यांना, डॉक्टर वेटिंगमध्ये आहेत."