सुखग्रास कंपनीचा आग्रह विभाग

माणूस आणि इतर प्राणी यांत मुख्य फरक असा की, इतर प्राण्यांना जेवायला वेळ असतो. माणसाने चाक शोधलं, चाकाची गाडी केली, गाडीचे हप्ते केले. आणि पोळ्या लाटायचा वेळ त्यात गेला. ही हानी भरून काढण्यासाठी छत्रपती संभाजीनगरात 'सुखग्रास' ही कंपनी स्थापन झाली, याबद्दल शहराने कृतज्ञ असायला हवं. (शहर नळाला पाणी कधी येतं याची वाट पाहत असल्याने अद्याप झालेलं नाही.)

कंपनी सुरुवातीला व्यस्त कुटुंबांना फक्त भाज्या चिरून देई. मग असं निदर्शनास आलं की, चिरलेली भाजी फोडणीला टाकायलाही माणूस लागतो आणि तो मीटिंगमध्ये असतो. सबब भाजी शिजवून देण्यात येऊ लागली. पुढे, डबा उघडायला दोन हात लागतात व पैकी एकात मोबाइल असतो हे लक्षात घेऊन एका हाताने उघडणारे डबे आले. आता ग्राहकाने फक्त चावायचं. चावण्याबाबत विचारविनिमय चालू आहे.

बीड बायपासवर राहणारे बन्सी आणि भानुमती हे नवरा-बायको कंपनीचे आदर्श ग्राहक. तो शेंद्र्याच्या कारखान्यात, ती बँकेत. बन्सीची आई चतुराबाई वारली तेव्हा त्याने पिशोरहून वडिलांना, तात्यासाहेबांना, फ्लॅटवर आणलं आणि त्यांच्या नावे एक डबा वाढवला. पुत्रकर्तव्य याहून वेगळं काय असतं?

परंतु तात्यासाहेब वाळू लागले. सदरा आधी अंगावर होता, मग खांद्यांवर टांगल्यासारखा झाला. तपासण्यांचे रिपोर्ट इतके चांगले आले की डॉक्टर हिरमुसले. "असंच वजन उतरत राहिलं तर मात्र हातातून जातील," असं सांगून त्यांनी टॉनिक लिहून दिलं.

कारण वैद्यकीय नव्हतंच. तात्यासाहेबांच्या मुलुखात भला माणूस आपणहून मागून घेत नाही. विचारलं की तो 'नको' म्हणतो. पुन्हा विचारलं की पुन्हा 'नको' म्हणतो आणि ताटावर हात आडवा धरतो. मग वाढणाऱ्याने हाताच्या कडेने भाकरी सरकवायची आणि त्याने कुरकुरत ती खायची. चतुराबाईंनी जन्मभर नवऱ्याच्या नकाराला कवडीची किंमत दिली नाही. या अपमानावर तात्यासाहेब चांगले धष्टपुष्ट होते.

फ्लॅटमध्ये असं घडे :

"तात्या, पोळी घेता?"

"नको."

"बरं."

आणि झाकण लागे. सुशिक्षित घरात माणसाच्या शब्दाला मान असतो. तात्यासाहेब या मानाने खंगत चालले होते.

"तुमचं जेवण वडिलांच्या अंगी लागत नाही," अशी बन्सीने तक्रार केली. कंपनीने सर्वेक्षण केलं. ग्राहकांच्या घरी राहणाऱ्या पिशोर, कन्नड, करमाडकडच्या एकूण ज्येष्ठांपैकी ब्याण्णव टक्के उपाशी आढळले. (उरलेले आठ टक्के बहिरे होते, त्यांना विचारलेलं ऐकू न गेल्याने पानात आपोआप पडत होतं.) तात्काळ आग्रह विभाग निघाला. नियम पुढीलप्रमाणे : पहिल्या नकाराची दखल घेऊ नये. दुसरा ऐकू आला नाही असं दाखवावं. तिसऱ्यास शपथ घालावी. (दिवंगत व्यक्तीची शपथ हवी असल्यास वेगळा आकार पडेल.)

तात्यासाहेबांसाठी करमाडच्या साळूबाईंची नेमणूक झाली.

"घ्या तात्यासाहेब, भाकर."

"नको."

"लई लाजता बया! नवरदेव हायेत व्हय?"

"पोट भरलंय म्हणलं ना."

"कुठं भरलंय? पाठीला चिटकलंय की ते. घ्या, नाय तर मी समजंन मह्या हातचं गोड लागत नाय."

"टाक बाई, टाक! जीव खाती नुसती."

असं ओरडून तात्यासाहेबांनी भाकरी घेतली. पिठलं काही मागून घेतलं नाही, पण ताट पुढे सरकवलं. महिन्याभरात सदरा भरला. डॉक्टरांनी श्रेय टॉनिकला दिलं.

एके दुपारी विभागाचे व्यवस्थापक पाहणीला आले, तर दृश्य उलटं होतं. साळूबाई ताटावर हात धरून बसल्या होत्या आणि तात्यासाहेब भाकरी सरकवत होते. "सकाळपून पाच घरं हिंडली तू. खाय मुकाट्यानं, माह्या चतुराची आन हाय तुला."

व्यवस्थापकांनी ही शपथ (वेगळा आकार न घेता) ऐकली आणि तात्यासाहेबांना जागेवर नेमणूकपत्र दिलं.

आता तात्यासाहेब रोज कंपनीचा हिरवा टी-शर्ट घालून सकाळी निघतात. सिडकोत, गारखेड्यात, लोकांच्या आईवडिलांना जेवायला घालतात, त्यांच्यासोबत दोन घास खातात, आणि रात्री पोटभर जेवून परत येतात. व्यस्त कुटुंबात जो एकच मनुष्य रिकामा होता, तोही अशा रीतीने कामाला लागला.

अडचण एका रविवारी आली. बन्सी आणि भानुमती दोघांनाही सुट्टी होती. वडिलांसोबत जेवावं असं त्यांच्या मनात आलं. तात्यासाहेब म्हणाले, "रविवारी लई गर्दी राहती रं. कंपनीत फोन कर, बसतंय का बघ."

बन्सीने आगाऊ पैसे भरून वडील मिळवले. ते ठरल्या वेळी आले, चपला दाराबाहेर काढल्या, ताटं वाढली. सुनेच्या आडव्या हाताखालून त्यांनी पोळी सरकवली. "खाय बाई. किती वाळलीस." भानुमतीच्या डोळ्यांत पाणी आलं. (भाजीत तिखट प्रमाणातच होतं.) नंतर दोघांनी सेवेला पाच तारे दिले आणि तात्यासाहेब पुढच्या घरी गेले.

कंपनी सध्या विस्ताराच्या विचारात असून त्यासाठी आपल्याकडेही, वाचकहो, फोन येईल. घाबरू नका, विक्रीचा आग्रह नाही. फोनवरची मुलगी एवढंच विचारील, "घरात ज्येष्ठ कोणी? किती जेवतात?" आपण मोबाइल खांद्यात धरून सहज म्हणाल, "वयामुळं त्यांचं जेवण आता कमीच झालंय हो."

कंपनीचा सारा धंदा या एका वाक्यावर उभा आहे. आभारी आहोत.