नऊ इंच अबोला

आमच्या हिवरमाळला नळ थंडीने गोठत नाहीत, घरातलं बोलणं थांबलं की गोठतात. थंडी फक्त संधी साधते.

मी इथल्या पाणीपुरवठा खात्यात नळ निरीक्षक आहे. घाटमाथ्यावरचे एकोणीस हिवाळे मी काढले आणि माझ्या हद्दीत आजवर एकही पाइप फुटलेला नाही. हे मी उगाच नम्रपणे वगैरे सांगणार नाही. खालच्या गावांतून बदली होऊन आलेली मंडळी पहिल्या वर्षी पाइपला गोणपाट गुंडाळतात, तोटी थेंब थेंब चालू ठेवतात, ओट्याखालची कपाटं उघडी टाकतात. मी त्यांना हौस भागवू देतो. तिसऱ्या दिवशी पाणी गेलं की ती माझ्याकडे येतात आणि मग मी त्यांच्या हातात खात्याचं पत्रक ठेवतो.

पत्रक सोपं आहे. घरातल्या किमान दोन माणसांनी दिवसभर अधूनमधून एकमेकांशी बोलावं. रेडिओ धरला जात नाही. फोनवरचं बोलणं निम्मं धरतात. निजण्याआधी पोटभर गप्पा झाल्या तर त्या सकाळपर्यंत पुरतात. एकट्या माणसांनी थंडीपुरतं कोणाकडे तरी राहायला जावं. भांडण सर्वांत उत्तम, एका बऱ्यापैकी भांडणावर दोन मजली घराचा पाइप आरामात तग धरतो.

साहजिकच आमच्याकडे अबोल्याचे महिने ठरलेले आहेत. होळीनंतर धरायचा आणि कार्तिक संपायच्या आत सोडायचा. लग्न होऊन आलेल्या मुलीला सासू हे दुसऱ्याच दिवशी सांगते, देव्हारा आणि गॅसची किल्ली दाखवताना.

म्हणूनच निमकर काका-काकूंची चूक कळली तेव्हा माझा विश्वास बसेना. दोघंही इथलीच. काका निवृत्त पोस्टमास्तर, काकूंनी गावातल्या निम्म्या मुलींना शिवण शिकवलेलं. झालं होतं असं की काकूंच्या आईचा तांब्याचा बंब काकांनी परस्पर भंगारवाल्याला देऊन टाकला. गीझर आल्यापासून तो नुसता कोपरा अडवतोय, असं त्यांचं म्हणणं. काकू बाजारातून आल्या, फरशीवरचा गोल डाग पाहिला आणि त्यांनी बोलणं बंद केलं. आपण अजून कार्तिकातच आहोत, मार्गशीर्ष लागायला अवकाश आहे, अशी त्यांची समजूत होती. त्या घरात कॅलेंडरचं पान उलटणं हे काकांचं काम आणि त्यांनी ते दोन महिने केलं नव्हतं. तेव्हा चूक दोघांची होती, हे मी आधीच नमूद करतो.

तारीख लक्षात आल्यावर तरी माघार घ्यावी की नाही? पण मानी माणसं. त्यांनी मधला मार्ग काढला. काकू स्वयंपाकघरातल्या नळाकडे तोंड करून म्हणत, नळा, त्यांना सांग, पान वाढलंय. काका न्हाणीघरातल्या नळाशी उभे राहून म्हणत, नळा, तिला सांग, आलोच. बोलणं होतंय, पाइपसमोर होतंय, म्हणजे पत्रकाचं पालन झालं, असा दोघांचा हिशेब होता. मुलांमार्फत अबोला चालवायची सवय असलेल्या घराला, मुलं दूर गेल्यावर, दुसरं काय सुचणार?

आठवडाभर काही बिघडलं नाही. नवव्या दिवशी मी तपासणीला गेलो. मी पाइपवरून हाताची मागची बाजू फिरवतो, त्यात मला यंत्र लागत नाही. स्वयंपाकघराकडून भिंतीपर्यंत पाइप उबदार होता. न्हाणीघराकडूनही भिंतीपर्यंत उबदार. मधल्या भिंतीत मात्र बर्फ धरला होता. पान्याने ठोकून पाहिलं, नऊ इंच. दोन्हीकडचं बोलणं भिंतीपर्यंत येऊन माघारी जात होतं, आणि मधल्या तेवढ्या भागात कोणीच कोणाशी बोललेलं नव्हतं.

दोन दिवसांनी अकरा इंच झाला, मग तेरा. अठराला पाइप फुटतो आणि सगळ्या आळीचं पाणी घेऊन जातो, म्हणून सोळाला पाणी तोडून घर होळीपर्यंत बंद करायचा नियम आहे. घरातल्यांनी नातेवाइकांकडे जायचं. निमकरांचा मुलगा पुण्याला दोन खोल्यांत राहतो, मुलगी नागपूरला सासरच्या भरल्या घरात. दोघांनीही कळवलं की एकाची सोय होईल. म्हणजे काका पुण्याला, काकू नागपूरला. एक्केचाळीस वर्षांत ही दोघं एका संक्रांतीलाही वेगळी राहिली नव्हती. मला ते फार लागलं.

मी मुख्याधिकाऱ्यांना लिहिलं की माझं स्वतःचं बोलणं या घराच्या खाती धरावं. उत्तर आलं की कर्मचाऱ्याचं बोलणं धरता येत नाही, आणि समेट हा खात्याचा विषय नाही. दोन्ही मुद्दे बरोबर होते. मग मी काकांनाच सरळ विचारलं. त्यांनी नळाकडे पाहून सांगितलं की चूक आपली असेलही, पण तिने विचारलं तर आपण कबूल करू. काकूंनी आपल्या नळाला सांगितलं की विचारून काही देण्याघेण्याची या घरात पद्धत नाही.

सोळा इंच भरला त्या दिवशी सकाळी अकराला मी कुलूप, लाख आणि फॉर्म घेऊन गेलो. काकूंची पिशवी भरलेली होती. काकांनी मफलर बांधला होता. फॉर्ममध्ये एक रकाना आहे: स्थलांतरित व्यक्ती ज्यांच्याकडे जाणार, त्यांच्यासाठी सूचना. तो घरातल्या दुसऱ्या व्यक्तीने भरायचा असतो. काकांचा चष्मा बांधाबांधीत कुठेतरी गेला होता, म्हणून ते सांगू लागले आणि मी लिहू लागलो.

चहात साखर अर्धा चमचा. डावा गुडघा दुखतो, विचारलं तर नाही म्हणते, तरी तेल गरम करून द्यावं. उशाशी पाण्याचा तांब्या लागतो. कापडाच्या दुकानात नेल्यास घाई करू नये. तिला एकटीला जेवायला बसवू नये. मग काकांनी शेवटची सूचना सांगितली. खोकला झाला की आल्याचा काढा द्यावा.

"आल्याचा नाही," काकू म्हणाल्या. "सुंठीचा. आल्याने मला जळजळ होते."

त्यांनी हे काकांकडे बघून म्हटलं होतं. मी लिहायचा थांबलो आणि डावा हात हळूच भिंतीवर ठेवला.

"जळजळ कशी होईल?" काका म्हणाले. "इतकी वर्षं मीच करून देतोय. आल्याचाच."

"आणि इतकी वर्षं मी तो मोरीत ओततेय."

काकांनी मफलर सोडला. आपण पहाटे उठून, आलं किसून, चार कप पाण्याचं एक कप आटवत होतो ते मोरीसाठी काय, असं त्यांनी विचारलं. काकूंनी सांगितलं की तुम्ही इतक्या मायेने करत होता, मग नको कसं म्हणायचं. काका म्हणाले, हे तेव्हाच सांगितलं असतंस तर. काकू म्हणाल्या, तुम्ही कधी काही विचारता का? आवाज चढत गेले. भिंतीत बारा इंच राहिले होते, मग आठ. मला हात काढवेना, पण कर्तव्य ते कर्तव्य. मी मधेच म्हणालो की काकू, काकांबद्दलच्या सूचना तुमच्याकडून घ्यायच्या राहिल्यात.

"कसल्या सूचना?" काकू माझ्यावर उखडल्या. मग काकांकडे वळल्या. डोळे भरून आले होते, पण आवाज खणखणीत होता. "नागपूरला मी अबोला कोणाशी धरू हो? जावयाशी?"

काका त्यांच्या हातातली पिशवी काढून घेऊ लागले, त्या देईनात. तेवढ्यात भिंतीत खाकरल्यासारखा आवाज झाला आणि ओट्यावरचा नळ धो धो सुटला. कोणी तो बंद करायला गेलं नाही.

मी फॉर्मवर 'भांडण सुरू, पाणी सुरू' असा शेरा मारला आणि कुलूप परत पिशवीत टाकलं. बाहेर पडताना दार घट्ट ओढून घेतलं, कारण चालू भांडणाला वारा लागू द्यायचा नसतो.