इथी कोणी वरडाचं नाई

दौलतभाऊ रामटेक्यांनी माझा इंटरव्ह्यू घेतला, तेव्हा त्यांच्याजवळ कारखाना नव्हता. जागा नव्हती, यंत्र नव्हतं, आणि कारखान्यात काय बनवायचं तेही ठरलेलं नव्हतं. मी आलापल्लीच्या पोस्टात कारकून म्हणून नुकताच रुजू झालो होतो आणि ते एकटेच राहत त्या घराची पुढची खोली भाड्यानं बघायला गेलो होतो. त्यांनी मला खाटेवर बसवलं, स्वतः समोर खुर्ची घेऊन बसले, सदऱ्याचं वरचं बटण लावलं आणि विचारलं, "समजा, मालक चार लोकांत तुमच्यावर वरडला. काय करसान?"

मला वाटलं, भाडेकरूची पारख करायची ही इकडची रीत असेल. मी म्हणालो, "खाली मान घालीन. दुसरं काय करणार?"

"नापास," ते शांतपणे म्हणाले. "खोली घ्या तुमी, बाबू. नोकरी नाई भेटत."

दौलतभाऊंनी तोवर निम्म्या गावाचे इंटरव्ह्यू घेतले होते. पोस्टमनचा झाला होता, एसटीच्या कंडक्टरचा झाला होता. बाजारातले किराणा दुकानदार हमीदभाई तर दोनदा बसले होते आणि दोन्ही वेळा नापास झाले होते. "मैं तो उसको दो सुनाऊंगा," असं त्यांचं उत्तर होतं. दौलतभाऊंच्या मते हेही चूक. बरोबर उत्तर कोणतं, ते मात्र त्यांनी कधी कोणाला सांगितलं नाही.

गडचिरोली तेव्हा नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. कुठल्याशा सभेत एका साहेबानं भाषण केलं, की तरुणांनी नोकरी मागू नये, नोकरी देणारं व्हावं. सभेला आलेले बाकीचे लोक चहा पिऊन घरी गेले. दौलतभाऊ तरुण नव्हते, चाळिशीला टेकले होते, पण भाषण त्यांनीच मनावर घेतलं. "मले शेठ नाई बनाचं," ते सांगत. "मले चार लोकाइले काम द्याचं हाय. असं काम, का जिथी कोणी वरडाचं नाई."

त्यांचा स्वतःचा आवाज इतका हळू होता, की बोलताना समोरचा आपोआप पुढं वाकायचा. घरची बकरी शेजाऱ्याच्या वांग्यात शिरली, तर लोक लांबून हाकारे घालतात. दौलतभाऊ उठून बकरीपाशी जात, तिला काहीतरी समजावून सांगत आणि मग ओढून आणत. तोवर दोन-चार झाडं गेलेली असायची. पूर्वी ते एका लाकडाच्या ठेकेदाराकडे मुन्शी होते. चांगली पगारी नोकरी एका दिवशी सोडून आले. का सोडली, यावर गावात बरेच तर्क होते. दौलतभाऊंना विचारलं, की ते म्हणत, "सोडली जी," आणि विषय संपायचा.

पहिला कारखाना निघाला तो साबणाचा. मोहाच्या बियांचं तेल इकडे मुबलक. दौलतभाऊंनी अंगणात कढई चढवली, आठवडाभर गल्लीत कोणाला धड जेवता आलं नाही असा वास सुटला, आणि शेवटी करड्या रंगाच्या वड्या तयार झाल्या. हमीदभाईंनी भिडेखातर काही वड्या दुकानात ठेवल्या. पुढच्या बाजाराला त्यांनी निकाल सांगितला. "दौलतभाऊ, साबन बढिया है. लेकिन कपडे को लगाया तो कपडा भी वैसाच बास मारता." उरलेला माल वाळवायला ठेवला होता, तो त्या बकरीनं खाल्ला. दोन दिवस ती नरमच होती. दौलतभाऊ तिच्याजवळ बसून होते, आणि ती उठून चरायला लागल्यावर त्यांनी कढई कायमची उतरवली.

मग सायकली आणल्या, भाड्यानं द्यायला. हा धंदा मात्र चालला. जंगलातल्या गावचे लोक बाजाराला यायचे, सायकल घेऊन जायचे आणि पुढच्या बाजाराला इमानानं परत आणायचे. एकानं फार उशीर केला, तर सोबत मोठा भोपळा आणला आणि सायकलीच्या आधी तोच हातात दिला. दौलतभाऊंनी संध्याकाळी भोपळ्याची भाजी केली. आता यांचं बस्तान बसलं, असं मला वाटू लागलं, तोच त्यांनी सायकली विकून टाकल्या.

"अहो, चांगलं चाललं होतं की," मी म्हणालो.

"चाललं होतं. पण याच्यात माणूस कुठी लागते, बाबू? सायकल आपली आपण जाते, आपली आपण येते. म्या कोणाले काम देऊ, भोपळ्याले?"

पत्रावळीचं सुचलं ते पळसाकडे बघून. पान फुकटात, बांबूच्या काड्या फुकटात, आणि लग्नसराईत मागणी भरपूर. फक्त हात पाहिजेत. परसातला गोठा रिकामाच होता. दौलतभाऊंनी तो सारवून घेतला, कौलं नीट केली आणि इंटरव्ह्यू सुरू केले.

पहिली आली ती सुकमाबाई. दोन कोसांवरच्या गावातली, गोंड समाजातली, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. तिला समोर बसवून दौलतभाऊंनी बटण लावलं आणि प्रश्न विचारला. तिनं त्यांच्याकडे थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाली, "काम दाखवा नं, भाऊ. बोलत काऊन बसले?"

ती पास झाली. ते इतके खूश झाले, की संध्याकाळी मला दोनदा सांगितलं, "बाबू, माह्या कारखान्यात माणूस हाय आता." तिच्यामागून आणखी काही बायका आल्या. गोठ्यात दिवसभर पानं टाचली जायची, बायका गप्पा मारायच्या, मधूनच कोणी गोंडी गाणं म्हणायची. दौलतभाऊ दारात बसून काड्या सोलायचे. मालक असे बसत नाहीत, असं हमीदभाईंनी सुचवून पाहिलं. "मंग कसे बसते?" दौलतभाऊंनी खरंच विचारलं. हमीदभाईंनी दुकानातल्या गादीवर बसून दाखवलं. दौलतभाऊंना ते जमण्यासारखं वाटलं नाही.

पुढच्या वैशाखात जवळच्याच एका गावातल्या मोठ्या लग्नाची ऑर्डर आली. एवढं मोठं काम कधीच आलं नव्हतं. बायकांनी खपून पत्रावळी केल्या आणि गठ्ठे बांधून गोठ्यात रचले. एका सकाळी वानरांची टोळी छपरावरून गेली आणि कौलं सरकली. कोणाच्या ध्यानात आलं नाही. दुपारी अवकाळी पाऊस झाला. गठ्ठ्यांच्या मागच्या बाजूनं पाणी उतरत राहिलं, तेही कोणाला दिसलं नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी माल न्यायला बैलगाडी आली, तेव्हा गठ्ठे उलगडले, तर आतून काळी बुरशी.

मी जेवायला घरी आलो होतो. गोठ्यातून आवाज आला आणि मला आधी वाटलं, गाडीवालाच ओरडतोय. मी धावत गेलो. गाडीवाला बिचारा बैलाला धरून गप्प उभा होता. ओरडत होते दौलतभाऊ. सुकमाबाईवर. तिनं ताडपत्री का घातली नाही, तिला डोळे आहेत की नाहीत, फुकटचं खायला येते का. मान ताणलेली, चेहरा लाल. तो आवाज त्यांच्यात कुठं होता, कोण जाणे.

सुकमाबाईनं हातातल्या काड्या खाली ठेवल्या. पदर सारखा केला आणि कोणाकडे न बघता निघून गेली. बाकीच्या बायकाही एकेक करून उठल्या. गाडी रिकामीच परत गेली.

दौलतभाऊ दिवे लागेपर्यंत गोठ्याच्या उंबऱ्यावर बसून होते. मी भात नेऊन दिला, तो तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी ते माझ्या दारात उभे राहिले. "माह्यासंगं येता का जी? एकट्यानं जावाले पाय उचलून नाई राह्यला."

आम्ही सागाच्या जंगलातून चालत निघालो. एक नाला ओलांडला. मग पुढं बघतच म्हणाले, "म्या मुन्शी होतो, तवा माहा बाप त्याच ठेकेदाराच्या लाकडाच्या डेपोत हमाल होता. तुमाले ठाऊक नाई."

मला ठाऊक नव्हतं.

"एक दिवस ठेकेदार तपासाले आला. बापाच्या हातून लाकूड घसरलं. ठेकेदार माह्याकडे पाहे. म्या वरडलो. सगळ्यांसमोर, जसा मजुरावर वरडते तसा. त्याले नावानं हाक मारली म्या, बाबू. बापाले." त्यांनी वाटेवर आडवी आलेली फांदी बाजूला केली. "रात्री ताट वाढलं, त म्हणे भूक नाई. मले काईच बोलला नाई. त्याच्यानं म्या नोकरी सोडली. पण बाप मरेपर्यंत पयल्यासारखा माह्यासंगं जेवाले बसलाच नाई कधी."

पुढचं मी सांगून टाकतो. सुकमाबाई सोमवारीच कामावर आली आणि तिच्या मागून बाकीच्याही. ते लग्न हातचं गेलं ते गेलंच, पण कारखाना चालत राहिला, आणि माझी बदली झाली तेव्हा गोठ्याला जोडून एक नवी पडवी उभी राहिली होती. तो आवाजही मी पुन्हा कधी ऐकला नाही.

पण त्या सकाळी यातलं काहीच आम्हाला माहीत नव्हतं. सुकमाबाई अंगणात मोहफुलं उलटीपालटी करत होती. आम्हाला बघून उभी राहिली. दौलतभाऊ वाटेत मनाशी काहीतरी घोकत आले होते, ओठ हलताना मी पाहिलं होतं. तिच्यासमोर आल्यावर त्यातलं त्यांना काही आठवलं नसावं.

"काल जेवल्या का, बाई?" त्यांनी विचारलं.

तिनं पायाशी आलेलं एक मोहफूल उचलून ढिगात टाकलं. मग म्हणाली, "नाई."

"मी बी नाई."

तिनं हात पुसले, आत गेली आणि आंबिलीचं मडकं घेऊन आली. आम्हाला जमिनीवर बसवलं, जर्मनच्या खोलगट ताटल्या मांडल्या.

"बाई, माह्या तोंडून काल जे..." दौलतभाऊ म्हणाले.

"प्या अगोदर," ती म्हणाली आणि स्वतःही ताटली घेऊन समोर बसली.

दौलतभाऊंची ताटली संपली, तेव्हा तिनं न विचारता पुन्हा भरली. त्यांनी नको म्हटलं नाही. दोन्ही हातांत ताटली धरून ते खाली बघत बसले, आणि बराच वेळ त्यांना ती तोंडाला लावता येईना. मी त्यांच्या घरात राहून त्यांना स्वतः रांधताना, स्वतः वाढून घेताना रोज पाहिलं होतं. दौलतभाऊंना दुसरं कोणी वाढतंय, हे मी पहिल्यांदाच पाहत होतो.